नागपूरहून शंकरपटाला जाताना : एका दिवसाची तयारी आणि बैल पाहण्याची रीत

नागपुरात वाढलेल्या मुलांची बैलाशी पहिली ओळख बहुधा तान्ह्या पोळ्याला होते. लाकडी नंदीच्या शिंगांना बेगड लावायची, गळ्यात घुंगरमाळ बांधायची, त्याला दारोदार नेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैशांची भेट, घ्यायचा आणि सण सरला की तो पुन्हा कपाटावर ठेवून द्यायचा, एवढ्यावर ती ओळख थांबते. पुढे नोकरीधंद्यात पडलेल्या माणसाला जिवंत बैल दिसतो तो गावाकडे जाताना गाडीच्या खिडकीतून, ओझरता. शहरापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर दर हिवाळ्यात त्याच बैलाच्या पायांकडे हजारो माणसे श्वास रोखून पाहत असतात, हे पुष्कळ नागपूरकरांना ऐकून माहीत असते. पण कोणत्या गावी जावे, कधी पोहोचावे, कुठे उभे राहावे आणि नेमके काय पाहावे हे ठाऊक नसल्याने जाणे राहून जाते. मी गेली अनेक वर्षे प्रत्येक हिवाळ्यात एक-दोन पट, म्हणजे शंकरपट नावाच्या बैलजोड्यांच्या शर्यती, पाहत आलो आहे. पहिल्या दोन वर्षी मी केवळ धूळ पाहून परतलो होतो, आणि तसे इतरांचे होऊ नये म्हणून ही माहिती क्रमाने लिहीत आहे.

हंगाम आणि प्रदेश

शंकराचे वाहन नंदी, म्हणून बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात, असे गावोगाव सांगितले जाते. धान कापून, मळणी होऊन बांध्या, म्हणजे धानाची खाचरे, मोकळ्या झाल्या की पटांचे दिवस सुरू होतात. दिवाळीनंतरच्या मंडयांपासून, म्हणजे गावजत्रांपासून, वातावरण तयार होत जाते, संक्रांतीच्या आगेमागे पटांची दाटी होते, आणि उन्हे तापू लागली की हंगाम आटोपतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे चार जिल्हे म्हणजे झाडीपट्टी. पटाचे खरे माहेर हेच. नागपूर जिल्ह्यात कुही, भिवापूर, मौदा या धानाच्या तालुक्यांकडेही पटाचा शौक जुना आहे. पश्चिमेकडे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट सर्वदूर प्रसिद्ध असून तिथे महिलाही जोड्या हाकतात. ज्याला एकदाच जायचे आहे त्याने झाडीपट्टीतला पट निवडावा, असे माझे मत आहे, कारण तिथे दिवसाची शर्यत आणि रात्रीचे नाटक असे दोन्ही एका मुक्कामात पदरात पडते.

इथे एक फरक ध्यानात ठेवावा. पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, खेड या बाजूला घाटावर, म्हणजे तिथल्या धावपट्टीवर, ज्या बैलगाडा शर्यती होतात त्यांत बैलांच्या पुढे घोडी धावते आणि गाड्यावर माणूस बसलेला नसतो. आपल्याकडे दोन बैलांची जोडी हलक्या छकड्याला, म्हणजे लहान दोनचाकी गाडीला, जुंपतात आणि छकड्यावर धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, असतो. झाडीपट्टीत दोन जोड्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांवरून एकाच वेळी सोडण्याची रीत आहे. जिंकलेली जोडी पुढच्या फेरीत जाते. पश्चिम विदर्भात पुष्कळ ठिकाणी जोडी एकटी धावते आणि घड्याळ लावून सेकंद मोजतात. दोन्हींची गोडी वेगळी आहे. घड्याळाच्या पटात निकालाचा वाद कमी होतो. पण दोन जोड्या बरोबरीने येत असताना मैदानावर जी शांतता पसरते ती घड्याळाच्या पटात येत नाही.

निघण्यापूर्वीची चौकशी

पटाची तारीख पंचांगात छापलेली नसते. ती ठरते गावच्या पट समितीच्या बैठकीत, आणि जाहीर होते पत्रकांवर, चौकातल्या फलकांवर आणि हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर. नागपूरच्या बहुतेक कुटुंबांचे एखादे तरी नाते भंडारा किंवा चंद्रपूरकडे असतेच. डिसेंबर लागताच त्या मामांना, साळ्यांना, जुन्या सहकाऱ्यांना फोन करून ठेवावा. पट साधारणपणे दोन किंवा तीन दिवस चालतो. पहिल्या दिवशी जोड्या पुष्कळ असतात पण गर्दी बेताची असते, आणि शेवटच्या दिवशी निवडक जोड्या व तुफान गर्दी. नवख्या माणसाने पहिला दिवस धरावा. त्या दिवशी बैलांजवळ जाता येते, मालकांना बोलायला सवड असते, आणि एका दिवसात इतक्या धावा पाहायला मिळतात की डोळा तयार होतो.

दुसरी चौकशी परवानगीची, आणि ती औपचारिकता समजू नये. २०११ मध्ये केंद्र सरकारने खेळ-तमाशासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला, आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती बंद झाल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. तिलाही न्यायालयात आव्हान मिळाले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. मधल्या साडेसात वर्षांत पटाच्या जोड्या सांभाळणे परवडेना म्हणून विकून टाकल्याचे दुःख मी एकाहून अधिक कास्तकारांकडून ऐकले आहे. आज पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धाव १००० मीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी करावी लागते, आणि काठी, चाबूक, टोचणी किंवा विजेचा धक्का देणारे साधन वापरण्यास मनाई आहे. नियम मोडून बैलाला वेदना दिल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा ज्या पटाला परवानगी नाही तिथे जाऊ नये. पोलीस येऊन मैदान रिकामे करतील ही भीती तर आहेच. त्याहून मोठे कारण हे की जिथे परवानगी नसते तिथे बैलांचा डॉक्टरही नसतो. जनावरांची साथ असेल त्या वर्षी पट अचानक रद्द होतात, जसे २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत झाले. म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा एक फोन करावा.

प्रवास आणि बरोबर घ्यायच्या वस्तू

नागपूरहून भंडारा साधारण ६० ते ६५ किलोमीटर आणि उमरेड साधारण ५० किलोमीटर. उमरेडहून पुढे भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी आणि वडसा अशी गावे लागत जातात, आणि पटांची बरीच गावे याच रस्त्याच्या आसपास आहेत. गणेशपेठच्या बसस्थानकावरून या मार्गांवर एसटी मिळते. परंतु शेवटचे आठ-दहा किलोमीटर फाट्यापासून आत जायचे असतात आणि तिथे आपल्या वाहनाचा उपयोग होतो. शक्यतो पहाटे साडेपाचला निघावे. पट दहा-अकरापूर्वी क्वचितच सुरू होतो, तरीही आठच्या आत गावात पोहोचण्याचा माझा आग्रह आहे. कारण पुढे सांगतो.

थंडी आणि ऊन दोन्हींची तयारी हवी. धानाच्या पट्ट्यात जानेवारीची पहाट हाडे गोठवणारी असते आणि दुपारी एक वाजता त्याच बांधीत सावलीसाठी एक झाड नसते. स्वेटर, टोपी, तोंडाला बांधायला मोठा दुपट्टा, पाणी, थोडी संत्री आणि पायात बंद जोडे, एवढे पुरे. धान कापल्यावर जमिनीत राहिलेले बुडखे चप्पल घालणाऱ्याच्या तळव्यात घुसतात. भडक कपडे, फडफडणारी ओढणी, छत्री आणि ड्रोन हे चारही घरी ठेवावेत, कारण धावेच्या क्षणी बैलाच्या डोळ्याच्या कोपऱ्यात काही हलले तर तो बुजतो आणि त्याची किंमत छकड्यावरच्या माणसाला मोजावी लागते.

बैल पाहणे

आठच्या आत पोहोचण्याचे कारण हे की त्या वेळी बैल बांधलेले असतात. मैदानाच्या कडेला, आमराईत किंवा गावाच्या वेशीजवळ जोड्या उतरलेल्या असतात. कोणी टेम्पोतून आणलेल्या, कोणी रात्रभर चालवत आणलेल्या. पट म्हणजे धाव असे आपण समजतो, परंतु धाव काही सेकंदांत संपते, आणि दिवसभरात एका जोडीच्या वाट्याला अशा एक-दोनच धावा येतात. उरलेला सगळा वेळ बैल उभा असतो. तो उभा असताना ज्याने त्याला पाहिले नाही, त्याला तो धावताना केवळ पांढरा पट्टा दिसतो.

बैलांच्या ओळीत शिरण्याची एक रीत आहे. मागून जाऊ नये. बैलाची लाथ मागेच जाते असे नाही, ती बाजूलाही फिरते. पुढून, किंचित तिरके, त्याला आपण दिसू अशा बेताने जावे. मालकाला नमस्कार करून, आपण कुठले ते सांगून, जवळ येऊ का असे विचारावे. परवानगीवाचून बैलाला हात लावू नये, आणि पेढा, पोळी, गूळ असे काहीही खाऊ घालू नये. पटाच्या बैलाचे खाणे-पिणे मालक दिवसदिवस मोजून देत असतो. ढेप किती, सरकी किती, कुटार केव्हा, पाणी केव्हा, याचे त्याचे स्वतःचे गणित असते आणि आपल्या प्रेमाच्या एका घासाने ते बिघडते.

आता काय पाहायचे. प्रथम जात ओळखावी. वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांचा गवळाऊ हा अंगाने हलका, पांढरा किंवा राखाडी, लांब निमुळत्या चेहऱ्याचा, बदामी डोळ्यांचा आणि आखूड शिंगांचा असतो. चपळ चालीसाठी तो पूर्वीपासून नावाजलेला आहे, आणि वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडीला त्याच्या पैदाशीचे शासकीय केंद्र आहे. खिल्लारी लांब, मागे जाऊन वर वळलेल्या शिंगांवरून लगेच ओळखू येतो. गडचिरोली-चंद्रपूरकडचा कठाणी बैल अंगाने लहान असून तो मुळात चिखलणीचा, धानाच्या बांधीतला गडी. त्यानंतर दात. बैलाला पक्के दात जोडीजोडीने येतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती असे बोलताना ऐकू आले की वयाचीच चर्चा चालली आहे असे समजावे. साधारण साडेचार-पाच वर्षांत आठही दात पूर्ण होतात, आणि अंगात जोर व डोक्यात समज दोन्ही असलेला बैल हाच, असे जाणते सांगतात.

पण दात आणि शिंगे यांपेक्षा मी बैलाच्या जबड्याकडे आधी पाहतो. तो रवंथ करत असेल तर तो निवांत आहे. कान सैल, शेपटी सहज हलणारी, डोळा अर्धा मिटलेला, असा बैल प्रवासाने थकलेला नाही आणि घाबरलेलाही नाही. उलट डोळ्याचे पांढरे दिसत असेल, शेपटी ताठ असेल, शेण पातळ पडत असेल आणि तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार बदलत उभा असेल, तर त्या जोडीचे आज काही खरे नाही. एका पहाटे भिवापूरच्या पुढे एका पटावर मी असाच उभा होतो. धुके होते. समोरच्या गवळाऊच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती आणि त्याच्या ओठाच्या केसांवर दवाचे थेंब जमले होते. त्याचा मालक, साठीचा कास्तकार, आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकाने ते थेंब टिपत होता. आधी एका बाजूचे, मग दुसऱ्या बाजूचे, आणि बैल मान खाली करून तोंड त्याच्यापुढे करत होता. मी विचारले, मामाजी, हा जिंकेल का? त्यांनी माझ्याकडे न पाहताच उत्तर दिले, "पळते कसा ते सारेच पाह्यते, बापू. थांबते कसा ते पाह्य." त्या दिवसापासून मी पट वेगळ्या डोळ्यांनी पाहू लागलो.

त्या वाक्याचा अर्थ असा. धावपट्टी संपली की दोन बैलांनी एकत्र वेग कमी करायचा असतो. ज्या जोडीचा मेळ खरा असतो ती समेवर येते, म्हणजे दोन्ही बैल एकाच लयीत पावले आखूड करतात आणि कासरा न ओढता थांबतात. ज्या जोडीला भीती घालून पळवलेले असते ती थांबत नाही. एक बैल आत ओढतो, दुसरा बाहेर, छकडा तिरका होतो आणि माणसे धावून मोरखी, म्हणजे बैलाच्या तोंडाभोवतीची दोरी, धरतात. घरी त्या बैलाला कसे वागवले जाते याची साक्ष त्या थांबण्यातच असते, आणि निकालाच्या पाटीवर त्याची नोंद कुठेच होत नाही.

उभे कुठे राहावे

धावपट्टीचे तीन भाग धरावेत : सुटण्याची जागा, मधला टप्पा, आणि जोड्या थांबतात ती मोकळी जागा. नवखा माणूस शेवटाकडे जातो, कारण निकाल तिथे लागतो. मीही तसेच केले होते. पहिल्याच वर्षी शेवटच्या खुणेपलीकडे, दोरी नसलेल्या जागी, मोबाईल उंचावून उभा राहिलो. एका जोडीतला आतला बैल बुजला, छकडा पट्टी सोडून आमच्याकडे वळला, आणि बाजूच्या अनोळखी तरुणाने दंड धरून मला बांधाखाली ओढले म्हणून निभावले. जू माझ्यापासून हातभर अंतरावरून गेले. धुरकऱ्याचा खांदा निखळला होता. तो उठला तो आधी बैलाच्या पायांकडे गेला. त्या गावच्या समितीने शेवटाकडे दोरी बांधलेली नव्हती ही त्यांची चूक खरीच, तरी दोरी नसेल तिथे उभे न राहण्याची अक्कल माझी मला असायला हवी होती.

म्हणून सांगतो : पहिला तास सुटण्याच्या जागेजवळ, दोरीच्या मागे, किंचित उंच बांधावर काढावा. खरे नाट्य तिथे आहे. जोडी जुंपून पट्टीवर आणतात तेव्हा बैलांना पुढे काय आहे ते कळलेले असते आणि त्यांना आवरणे कठीण होते. दोघे-तिघे मोरखी धरून उभे, धुरकरी छकड्यावर अंग आखडून बसलेला, शेजारच्या पट्टीवरची जोडी अजून तिरकी, झेंडीवाला हात वर करून थांबलेला. एक जोडी सरळ होते तोवर दुसरी फिरते, आणि हे पाच पाच मिनिटे चालते. ध्वनिक्षेपकावरचा निवेदक मालकांची, गावांची आणि बैलांची नावे घेत राहतो. मग एका क्षणी दोन्ही जोड्या समोर पाहतात. झेंडी पडते, मोरख्या सुटतात, आणि चार बैलांच्या सोळा खुरांचा आवाज कानांआधी तळपायांना कळतो.

दुसरा तास मधल्या टप्प्यावर द्यावा. दोन्ही बैलांची झेप एक आहे की नाही ते इथेच दिसते. एका बैलाची मान खाली आणि दुसऱ्याची वर असेल तर जू वाकडे होते आणि वेग जातो. शेवटाकडे जायचे ते सर्वांत शेवटी, आणि थांबण्याची जागा दिसेल पण वाटेत येणार नाही अशा लांब अंतरावरून. लहान मुले बरोबर असतील तर त्यांना खांद्यावर न घेता बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसवण्याची कोणाला तरी विनंती करावी. गावात या विनंतीला नाही म्हणणारे मला कोणी भेटले नाही.

माणसे

पटाच्या दिवसांत गावाची लोकसंख्या कितीतरी पटीने वाढते. प्रत्येक घरी पाहुणे असतात. लेकी-जावई, व्याही, नोकरीसाठी नागपूर-पुण्याला गेलेली मुले. चुली दिवसभर विझत नाहीत. सोयरिकी जुळवण्याचा हा झाडीपट्टीतला जुना मोसम आहे, कारण दोन्हीकडची वडील माणसे एका गावात, सवडीने आणि चांगल्या मनःस्थितीत भेटतात. तुम्हाला घरी बोलावले तर नाही म्हणू नये, आणि जाताना संत्री किंवा मिठाई न्यावी.

मैदानावर जोडीमालक ओळखू येतो तो पोशाखावरून नव्हे, तर तो माणसांशी बोलतानाही बैलाकडे पाहत असतो यावरून. त्यांत पाच-पंचवीस एकरांचे धनी असतात तसेच दोन एकरांचे कास्तकारही असतात, ज्यांनी शेतीच्या कामातून वेळ काढून गोऱ्ह्यांची जोडी स्वतः तयार केलेली असते. माझा ओढा या दुसऱ्यांकडे आहे. विकत घेतलेली महागडी जोडी जिंकते तेव्हा टाळ्या पडतात. घरच्या गाईच्या पोटची जोडी जिंकते तेव्हा अख्खे गाव मैदानात उतरते. धुरकरी हा वेगळाच माणूस. तो अंगाने हलका, कमी बोलणारा, आणि पुष्कळदा मालकाहून वेगळ्या गावचा असतो. त्याच्याशी धावेआधी बोलू नये. धाव झाल्यावर, त्याने पाणी प्यायल्यावर, जोडी कशी होती एवढेच विचारावे. जिंकला असो वा हरला, तो बैलांविषयीच बोलेल. पटाचे जुने शौकीन सुटण्याच्या जागेमागे बसलेले असतात. धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. त्यांच्याशेजारी जागा मिळाली तर दुसरीकडे जाऊ नये. वीस वर्षांपूर्वीच्या जोड्यांची नावे, रंग आणि खोडी त्यांना पाठ असतात, आणि समोरची जोडी सुटण्याआधीच ते तिचा दोष सांगतात.

स्त्रिया पूर्वी लांबच्या बांधावरून पाहत. आता अनेक गावी त्यांच्यासाठी स्वतंत्र मांडव असतो. कुटुंबासह जाणाऱ्यांनी समितीकडे त्याची चौकशी आधीच करावी, तसेच पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे तेही विचारून घ्यावे, कारण बहुतेक ठिकाणी ती मैदानावर नसून शाळेत असते.

दुपार, खाणे आणि पैज

बारा ते दोन या वेळात धावा मंदावतात. मैदानाभोवती तर्री पोहे, आलूबोंडे, भजी, उसाचा रस, उकडलेले शिंगाडे यांची दुकाने लागलेली असतात. तळ्यांच्या मुलखात शिंगाड्याला वेगळी चव असते, ती चुकवू नये. फुगे, बांगड्या, शेतीची अवजारे, घुंगरमाळा, कासरे, झुली हेही मिळते. माझ्या घरी एक सुती कासरा आहे; त्याचा मला काही उपयोग नाही, पण तो वळणाऱ्या म्हाताऱ्याचे हात पाहत मी अर्धा तास उभा राहिलो होतो आणि रिकाम्या हाताने निघणे बरे वाटले नाही.

दुपारच्या गर्दीत कोणीतरी जवळ येऊन कोणत्या जोडीवर लावता असे हळूच विचारण्याची शक्यता असते. सरळ नकार द्यावा. मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्यांवर पैसे लावता येतात, कारण तिथे १९१२ च्या कायद्याखाली परवाना असतो, आणि घोड्यांची शर्यत कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटलेले आहे. पटाला तसा कोणताही परवाना नाही. इथली पैज म्हणजे जुगार, आणि १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचा तो गुन्हा. कायद्याइतकाच मला दुसरा विचार महत्त्वाचा वाटतो. ज्या दिवशी धावेवर मोठा पैसा लागतो त्या दिवशी कोणाच्या तरी बाहीत खिळा येतो. बंदी आली होती ती याच खिळ्यामुळे. आपल्या डोळ्यांसमोर कोणी टोचणी वापरताना, शेपटी पिरगाळताना किंवा चावताना दिसला, तर भांडत न बसता मंचावर जाऊन समितीला किंवा हजर असलेल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगावे. मी दोनदा सांगितले आहे. दोन्ही वेळा ती जोडी बाद झाली, आणि दोन्ही वेळा जवळ येऊन बरे केले म्हणणारे जुने शौकीनच होते.

रात्र

सूर्य कलला की धावा थांबतात. निकाल, बक्षिसे, भाषणे यांत तास-दीड तास जातो. तो वेळ जेवणात घालवला तरी काही हुकत नाही. झाडीपट्टीत पटाच्या रात्री नाटक असते आणि ते पाहिल्याशिवाय दिवस पुरा होत नाही. वडसा हे या रंगभूमीचे केंद्र. तिथून नाटकमंडळ्या गावोगाव जातात. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो. या रंगभूमीवरील कामासाठी गडचिरोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीतल्या गावांना आपलाच सत्कार झाल्यासारखे वाटले होते. तिकीट दुपारीच काढून ठेवावे, बसायला सतरंजी आणि पांघरायला कांबळे न्यावे, आणि मुक्काम गावातच करावा. रात्री परतायचेच असेल तर उमरेड-कऱ्हांडलाच्या बाजूने येताना वेग बेताचा ठेवावा. रानडुकरे आणि रोही, म्हणजे नीलगायी, रस्त्यावर येतात, आणि हा वाघांचा मुलूख आहे.

नाटकाला जाण्यापूर्वी मात्र अर्धा तास राखून ठेवावा आणि सकाळच्या जागी, बैलांच्या ओळीत, पुन्हा एकदा जावे. जिंकलेल्या जोडीभोवती गुलाल आणि ढोल असतील. तिथे न थांबता हरलेल्या जोड्यांकडे जावे. भिवापूरच्या पुढच्या त्या पटावर मामाजींची जोडी दुसऱ्या फेरीत हरली होती. मी पोहोचलो तेव्हा पाणी शेकोटीवर कोमट केलेले होते, आणि ते गुडघ्यावर बसून एकेक खूर हातात घेऊन धूत होते. खुराच्या फटीतला खडा त्यांनी नखाने काढला, उजेडात धरून पाहिला आणि शेकोटीपलीकडे फेकला. मग तणसाची पेंढी सोडून बैलांपुढे टाकली. दोन्ही बैल खाऊ लागले तेव्हा ते उठले, हात पुसले, आणि मला म्हणाले, "चाल, आता आपणही जेवू."